किराळ, क्रेब्ज चक्र आणि बोंडअळी: हे सगळं एकाच विषयात कसं काय?

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी वसमतकडची, बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे. जीवशास्त्राच्या पेपरात पेशी, चयापचय, आनुवंशिकता आणि शेवटी उत्क्रांती असे घटक आहेत. पाठांतर बरं चाललंय, पण क्रेब्ज चक्राचा (पेशीत अन्नापासून ऊर्जा काढणारी क्रियांची साखळी) उत्क्रांतीशी काय संबंध ते कळत नाही. चार वेगळे विषय एका पुस्तकात शिवून टाकल्यासारखं वाटतं.

विचारायचं कारण असं. परवा काकांची कालवड दावं तोडून ज्वारीत शिरली. पावसानं ओढ दिलेली, ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी. थोड्या वेळात ती थरथरायला लागली, पोट फुगलं, आडवी पडली. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागली म्हणून सगळे धावले. डॉक्टर जवळच होते म्हणून वाचली. शिरेतून औषध गेलं आणि बघता बघता उठून उभी राहिली. जाताना डॉक्टर म्हणाले, "हिच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर होता, पेशींना तो वापरता येत नव्हता." म्हणजे नेमकं काय? आणि आणखी एक: एका ग्लुकोजपासून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) ३८ मिळतात की ३२? आमच्या सरांच्या नोट्समध्ये एक आकडा, पुस्तकात दुसरा.

देवणीवाला

ताई, मी पशुवैद्यक आहे, लातूर जिल्ह्यात. पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, एटीपीचं गणित कुणीतरी मास्तर सांगतील.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं एक संयुग असतं. त्यात सायनाइड साखरेला बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते तसं निरुपद्रवी. जनावरानं पान चावलं की पेशी फुटतात, पानातलंच एक विकर (एन्झाइम) धुरिनला भेटतं आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळं होतं. गाई-म्हशी-शेळ्यांना हे जास्त लागतं, कारण कोठीपोटात ओलावा भरपूर, आम्लता कमी आणि तिथले सूक्ष्मजीवही हे काम उरकून टाकतात. घोड्याच्या जठरात आम्ल असतं, त्यात ही विकरं निकामी होतात.

सायनाइड रक्तातून पेशीत गेलं की तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर) सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराच्या लोहाला जाऊन चिकटतं. ऑक्सिजन स्वीकारायची जागा तीच. ती अडली की ऑक्सिजन दारात येऊन तसाच परत जातो. म्हणून अशा जनावराचं शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक दिसतं, एरवी ते काळसर असायला हवं. तुमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं.

औषधाचं तर्कशास्त्र मला आजही फार आवडतं. सोडियम नायट्राइट देऊन आपण मुद्दाम थोडं हिमोग्लोबिन 'बिघडवतो', त्यातलं लोह फेरसचं फेरिक करतो. सायनाइडला फेरिक लोह प्रिय, त्यामुळे ते विकराला सोडून इकडे येतं. मग सोडियम थायोसल्फेट त्याला गंधक पुरवतं, ऱ्होडेनेज नावाचं विकर त्याचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. नायट्राइट जास्त झालं तर तेच मारतं, म्हणून घरी प्रयोग नको. आणि पडलेल्या जनावराच्या घशात ताक-गूळ ओतत बसू नका, फुप्फुसात जातं. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.

मोंढा_नाका

डॉक्टरसाहेब, मग ज्वारीचं हिरवं बाटूक चारायचंच नाही का? दुष्काळात दुसरं काय हाय आमच्याकडं? आन् कडबा तर वर्सभर चारतो, त्यानं कामून काही होत नाही?

देवणीवाला

चारा की, पण वेळ बघून. फुलोऱ्यात आल्यावर धुरिनचं प्रमाण बरंच उतरतं. धोका कोवळ्या रोपाचा, कापणीनंतर खोडव्यातून आलेल्या फुटव्याचा, आणि पाण्याच्या ताणानं खुरटलेल्या पिकाचा. युरिया जास्त टाकला असेल तर आणखी. कापून चांगलं वाळवलं की सायनाइड वायू होऊन बरंचसं निघून जातं, मुरघासातही कमी होतं. कडबा तर पक्व झालेल्या ज्वारीचा, वाळलेला. म्हणून निर्धास्त.

दादा, उपाशी जनावर मात्र कधी कोवळ्या ज्वारीच्या बांधाला बांधू नका. रिकाम्या पोटी एकदम जास्त खाल्लं की वेळच मिळत नाही.

प्रयोगवही

मी वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, परभणीत राहतो.

पूर्णाकाठ, आधी आकड्यांचं मिटवू. ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनात १० एनएडीएच, २ एफएडीएच-टू (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) आणि थेट तयार होणारे ४ एटीपी मिळतात. जुन्या हिशेबात एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला २ एटीपी धरायचे: ३० + ४ + ४ = ३८. पुढे मोजमाप सुधारलं, ते भाव अडीच आणि दीड निघाले: २५ + ३ + ४ = ३२. शिवाय ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज फोडण्याचा पहिला टप्पा, पेशीद्रवात होतं, तिथले एनएडीएच तंतुकणिकेच्या आत थेट जात नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन आत पोचवताना काही पेशींत थोडी घट येते आणि ३० उरतात. जुन्या हिशेबातला ३६ चा आकडाही याच घटीतून आलाय. परीक्षेत तुझ्या पुस्तकातला आकडा लिही आणि खाली एका ओळीत आधुनिक अंदाज ३० ते ३२ असं लिही. सुज्ञ परीक्षक गुण कापणार नाही.

पण आकड्यापेक्षा 'अडीच' हा शब्द बघ. अडीच एटीपी कसा असेल? रेणू अर्धा होत नाही. इथेच सगळी मेख आहे. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना थेट एटीपी तयार होतच नाही. त्या ऊर्जेवर आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, ते तिथे तुंबतात आणि परत आत येताना एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन अक्षरशः फिरवतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा बहुतेकांना पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. हान्स क्रेब्ज यांनी चक्र मांडलं ते १९३७ चं, त्यांचं नोबेल १९५३ चं.

तू जायकवाडी पाहिलं असशील. पैठणच्या वीजगृहातलं यंत्र दोन्ही दिशांना चालेल अशा बेताचं आहे: पाणी खाली येताना वीज, आणि वीज देऊन उलटं फिरवलं तर पाणी पुन्हा वर. एटीपी सिंथेजचंही तसंच. सायनाइडनं साखळी बंद पडली, प्रोटॉनचा साठा ओसरला की हे यंत्र उलटं फिरायला लागतं आणि ग्लायकोलिसिसमधून मिळालेले थोडेफार एटीपीही जाळतं. त्याला आवर घालणारं एक छोटं प्रथिन पेशीत असतं, पण मेंदू आणि हृदयाला तेवढ्यानं पुरत नाही. कालवड इतक्या लवकर का कोसळली, त्याचं उत्तर यात आहे.

पूर्णाकाठ

सर, आता उलट प्रश्न. ज्वारीलाही तंतुकणिका आहेत. मग ती स्वतःच्या विषानं का मरत नाही?

प्रयोगवही

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी तास संपेपर्यंत पुस्तक मिटून ठेवायचो.

पहिलं म्हणजे मांडणी. धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) बंद, आणि ते फोडणारं विकर आतल्या पेशींच्या हरितलवकांत. पान चावलं, चिरडलं तरच दोघांची गाठ. दुसरं, वनस्पतींच्या श्वसनसाखळीत एक आडवाट असते, 'पर्यायी ऑक्सिडेज' म्हणतात. सायनाइड तिला अडवू शकत नाही. ऊर्जा कमी मिळते पण काम अगदी थांबत नाही. तिसरं, थोडं सायनाइड सुटलंच तर त्याला पकडून शेवटी अ‍ॅस्परजिन या अमिनो आम्लात बदलणारी विकरं वनस्पतींकडे आहेत. म्हणजे विषातलं नायट्रोजनही वाया जात नाही.

तेरणामाय

किती हुशार असते ना निसर्गाची योजना! ज्वारीनं जनावरांपासून वाचायला बरोबर विष बनवलं.

प्रयोगवही

तेरणामाय, इथे जरा थांबू या. ज्वारीनं काही ठरवलं नाही. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. तिथल्या रानटी पूर्वजांत कुणात हे संयुग जास्त, कुणात कमी. चरणाऱ्या प्राण्यांनी आणि किड्यांनी कमीवाल्यांचा फडशा जास्त पाडला, जास्तवाल्यांचं बी जास्त उरलं. पिढ्यानपिढ्या एवढंच घडत गेलं. हेतू नाही, गाळप आहे. बीएस्सीची मुलं परीक्षेत "जगण्यासाठी प्राण्याने बदल केला" असं लिहितात तेव्हा माझा लाल पेन आपोआप उघडतो.

शिवार_८७

गुरुजी माफ करा, पण हे सगळं लाखो वर्षांपूर्वीचं. उत्क्रांती प्रत्यक्ष कुणी पाहिली? हे मानायचंच असं आहे.

मोंढा_नाका

शिवारभाऊ, तुमी कापूस लावता का? २०१७ ला कुठं होता? आमच्याकडं बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आन् कवडी. वेचणीला बाया यायला तयार नव्हत्या. बीटी आलं तवा सांगितलं होतं बोंडअळीचा विषय संपला.

प्रयोगवही

मोंढा_नाका यांनी माझं काम केलं.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीतला जिवाणू. त्याचं एक प्रथिन तयार करणारं जनुक कापसात घातलं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते प्रथिन विरघळतं, तिथली विकरं ते कापून सक्रिय करतात, मग ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. आपल्याकडे एका जनुकाचा बीटी कापूस २००२ मध्ये मंजूर झाला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. २०१० च्या सुमारास गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार दिसला, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही. अळीच्या आतड्यातलं ज्या प्रथिनाला बीटीचं प्रथिन चिकटतं, त्याचं जनुकच काही अळ्यांत बिघडलेलं आढळलं. चिकटायला जागाच नाही तर भोक कुठून पडणार?

हे उत्परिवर्तन बीटीमुळे झालं नाही. असे विरळ बिघाड होतच असतात, आधी त्यांचा काही फायदा नव्हता. आपण शिवारच्या शिवार बीटी केलं आणि तीच अळी तेवढी उरली. शिवार_८७, ही नैसर्गिक निवडच. माणसाच्या एका पिढीत, आपल्या बांधावर.

शिवार_८७

अळी अळीच राहिली की, पाखरू तर नाही झाली! आणि मला विचाराल तर बियाणंच बोगस होतं.

देवणीवाला

पाखरू तर ती प्रत्येक पिढीत होते, भाऊ. तो पतंग येतो कुठून मग? :)

प्रयोगवही

देवणीवाले, संधी सोडली नाहीत.

बोगस बियाणं काही ठिकाणी असेलच, मी नाकारत नाही. पण प्रयोगशाळेत बीटी प्रथिनाचं प्रमाण मोजून त्या अन्नावर अळ्या वाढवल्या तरी त्या जगल्या. तिथे बियाण्याचा प्रश्नच येत नाही. नवी जात व्हायला जास्त काळ लागतो, ते खरं. पण लोकसंख्येत जनुकांचं प्रमाण बदलणं हीच उत्क्रांतीची व्याख्या पाठ्यपुस्तक देतं, आणि ते इथे मोजलं गेलंय.

आता एक कोडं देतो. हरभऱ्यावरची घाटेअळी, जिला कापसात अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीही त्याच कापसावर होती. तिच्यात असा हाहाकार का नाही झाला?

बिंदुसरा

मी कृषी पदवीधर, बीडचा. सांगू का? घाटेअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर, कशावरही जगते. मराठवाड्यात तूर-हरभरा अफाट. तिथे बीटी नाही, त्यामुळे तिथून साध्या, प्रतिकार नसलेल्या पतंगांची फौज दरवर्षी येते आणि कापसातल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाशी जोडी जमवते. प्रतिकाराचं जनुक बहुतांशी अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी बीटी खाऊन तगते. मिश्र संतती पुन्हा बीटीला बळी पडते. गुलाबी बोंडअळीचं पोट मात्र जवळपास पूर्ण कापसावर. तिला बाहेरचा सोयरा मिळतच नाही.

म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं, शेताच्या कडेनं लावायला. आश्रय पीक. किती जणांनी लावलं?

मोंढा_नाका

खरं सांगू? ते बारकं पाकीट आम्ही फेकून द्यायचो. नायतर नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला. कुणी समजावून सांगितलंच नाही कशासाठी हाय ते. "कडेला लावा" एवढंच. कडेला लावून अळीला कामून जेवू घालायचं, असं वाटायचं.

बिंदुसरा

तुमचा दोष नाही दादा. जेवूच घालायचं होतं, हे सांगायला हवं होतं. त्यात भर फरदडीची. पाणी असलं की डिसेंबरनंतरही कापूस उभा, अळीला मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम. अमेरिकेत आश्रय पीक पाळलं, पुढे नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तिथे ही अळी कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर झालं. कीड तीच, जनुकं तीच.

आणि पूर्णाकाठ ताई, तुमच्या मेंडेलचं पान उघडा. आपल्याकडे बीटी कापूस बहुतेक संकरित. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. म्हणजे त्याच्या बोंडातल्या सरक्यांत विभागणी होते. दोन जनुकं धरली तर ९:३:३:१. एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एकच, सोळांतल्या एखादीत काहीच नाही. गुलाबी बोंडअळी खाते नेमकी सरकीच. बाकी अनेक देशांत सरळ वाण वापरले, तिथे बोंडातली प्रत्येक सरकी बीटी. प्रतिकार आपल्याकडे लवकर येण्याचं हेही एक कारण म्हणून संशोधकांनी मांडलंय.

पूर्णाकाठ

वाटाण्याचं ९:३:३:१ मी शंभरदा लिहिलं असेल, बोंडात असतं हे आज कळलं! पण सर, क्रेब्ज चक्र ते उत्क्रांती हा धागा अजून जुळला नाही.

प्रयोगवही

जुळवू. पुन्हा सायटोक्रोम ऑक्सिडेजकडे ये, देवणीवाल्यांनी सांगितलेलं.

सायनाइड गाईला मारतं, माणसाला मारतं, अळीला मारतं, आणि ज्वारीतलंही हेच विकर अडवतं. सगळ्यांत कुलूप एकच कसं? कारण ते सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळालंय. तंतुकणिका म्हणजे एके काळचा स्वतंत्र जिवाणू, दुसऱ्या पेशीत शिरला आणि कायमचा राहिला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे जोरकसपणे मांडलं. तंतुकणिकेला आजही स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे, तिची रायबोसोमं जिवाणूंच्या धर्तीची आहेत. आणि गंमत बघ, सायटोक्रोम ऑक्सिडेजचे तीन मुख्य भाग प्राण्यांत आजही त्याच डीएनएवरून तयार होतात, केंद्रकातून नाही.

त्यांतल्या पहिल्या भागाचं जनुक घेऊन आज कीटकशास्त्रज्ञ जाती ओळखतात. मूळ काम एवढं महत्त्वाचं की जनुक मोडकळीला येत नाही, तरी बारीकसारीक अक्षरं पिढ्यांबरोबर बदलत जातात. जवळच्या नात्यात फरक कमी, लांबच्या नात्यात जास्त. शेजारच्याच सायटोक्रोम-सी या प्रथिनात माणूस आणि चिंपांझी यांची १०४ ची १०४ अमिनो आम्लं सारखी आहेत. ऱ्हीसस माकडाशी एकाचा फरक. बोंडात सापडलेली चिमुकली अळी गुलाबी बोंडअळीच आहे का, हे ज्या जनुकावरून ठरवतात, त्याच जनुकाच्या प्रथिनाचं काम सायनाइडनं अडलं म्हणून तुमची कालवड पडली. चयापचयाचा धडा आणि उत्क्रांतीचा धडा एकाच रेणूबद्दल बोलतात. पुस्तकात मध्ये दोनशे पानं आहेत, एवढंच.

तेरणामाय

सर, हे वाचून अंगावर काटा आला. एक शंका: आमच्याकडं उघडीप पडली की सोयाबीन माना टाकतं आणि बांधावरची ज्वारी ताठ. तेही या विकरामुळे का?

बिंदुसरा

नाही ताई, ते वेगळं. ज्वारी सी-फोर वनस्पती: कार्बन डायऑक्साइड आधी पकडून पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत साठवून देते, त्यामुळे पर्णरंध्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग उलगडला. बाजरी, मका, ऊस याच गटातले. सोयाबीन, तूर, कापूस सी-थ्री. ज्वारीची मुळं आणि पानावरचा मेणाचा थर यांचाही वाटा आहे. सी-फोर वनस्पतींत साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदयाला आलंय. यावर वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

शिवार_८७

आश्रय पिकाचं पहिल्यांदा नीट कळलं. उत्क्रांतीवर अजून विचार करतो. पण मग आता काय करायचं, पाकिटातच मिसळून येतंय म्हणतात ते साधं बी?

बिंदुसरा

हो, आता मिसळूनच येतं, फेकायची सोयच ठेवली नाही. बाकी तुमच्या हातात तीन गोष्टी: फरदड ठेवू नका, पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर वर्षभर रचू नका, आणि पेरणीनंतर दीड महिन्यानं कामगंध सापळे लावा. फुलात डोमकळी (पाकळ्या मिटलेलं, न उमललेलं फूल) दिसली की तोडून नष्ट करायची, त्यात अळी असते.

पूर्णाकाठ

डोमकळी नष्ट करायच्या आधी एक-दोन मला हव्यात. प्रात्यक्षिकाच्या वहीत अळीचं जीवनचक्र काढायचंय. लहान अळी गुलाबी दिसत नाही असं ऐकलंय, खरं का?

बिंदुसरा

खरं आहे. सुरुवातीला पांढुरकी, डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी रंग नंतरच्या अवस्थांत येतो. डोमकळी झाकणाच्या डबीत ठेव आणि झाकणाला बारीक जाळी लाव, नाहीतर सकाळी डबी रिकामी सापडेल.